वेटोळी

माझ्या कपाटात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात फ्लाय लाइनची पाच वेटोळी ठेवली आहेत. प्रत्येक वेटोळं दोन ठिकाणी बांधलेलं, आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या. एकीवर नुसतंच 'नको' लिहिलंय. एकीवर 'फक्त कडक उन्हाळा'. एकीवर 'वारा असेल तरच'. या पाचांतल्या तीन चुकून घेतलेल्या आहेत. चुकून म्हणजे कुणी गळ्यात मारल्या असं नाही. रात्र रात्र वाचून, तक्ते करून, पूर्ण विचारान्ती केलेल्या चुका आहेत त्या.

साधा गळ ज्यांनी टाकलाय त्यांना हे सगळं प्रकरण जरा अतीच वाटेल. दोरा तो दोरा, त्यात निवडायचं काय? साध्या गळाच्या बाबतीत ते खरंही आहे. तिथे वजन टोकाला असतं, शिशाचं किंवा धातूच्या आमिषाचं. ते भिरकावलं की दोरा मुकाट मागून जातो. फ्लायफिशिंगमध्ये टोकाला असते ती पिसं आणि लोकर आकड्यावर गुंडाळून केलेली माशी. तिचं वजन ग्रॅमच्या काही शतांशांइतकं. कागदाचा कपटा जोर लावून फेकून बघा, हातभर अंतरावरच गिरकी घेत खाली येतो. माशीचंही तेच. म्हणून माशी फेकतच नाहीत, फेकतात ती लाइन. जाडसर, लेप दिलेली, हाताला वजन जाणवेल अशी दोरी. ती मागे जाते, हवेत सरळ होते, तिच्या वजनाने काठी वाकते, आणि पुढे ओढून थांबवलेली काठी सरळ होताना लाइनचा एक अरुंद वळसा नदीवर उलगडत जातो. काठी हे धनुष्य, लाइन हा बाण, आणि माशी म्हणजे बाणाला बांधलेली चिठ्ठी.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी काय केलं? काठीवर जीव टाकला. रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, घेतली तीही फिरवली की कानाला गोड वाटेल अशी. लाइन मात्र संचाबरोबर आलेलीच ठेवली. 'शिकेपर्यंत चालेल' हे वाक्य मी तेव्हा मनाशी इतक्यांदा म्हटलं की ते खरंच वाटायला लागलं.

नदीवर एक वयस्क गृहस्थ यायचे. सगळेच त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. माझी लाइन पायाशी गोळा होऊन पडते हे त्यांनी दोन-तीन सकाळी लांबून पाहिलं असावं. एक दिवस जवळ येऊन उभे राहिले.

"काका, मनगट चुकतंय का माझं?"

"मनगट नंतर बघू. तू फेकतेस काय ते दाखव आधी."

मी काठी पुढे केली. "नऊ फुटी आहे, पाच नंबरची."

"काठी फेकतेस का तू?"

त्यांनी रीलवरून आठ-दहा वाव लाइन ओढून काढली आणि खडकावर सोडली. ती जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी पिळे घालून पडली. रीलच्या अरुंद आसाभोवती महिनोन् महिने बसून तिला तोच आकार आठवत होता. इंग्रजीत याला 'मेमरी' म्हणतात, आणि वस्तूच्या दोषाला इतकं हळवं नाव क्वचितच कुणी दिलं असेल. पिळांचा तोटा फक्त दिसण्यात नाही. काठी पुढे ओढली की पहिला अर्धा झटका ते पिळे सरळ करण्यातच जातो, वजन काठीपर्यंत पोचेतो हात थांबलेला असतो. मी जे मनगटाचं दुखणं समजत होते ते दोरीचं होतं. निदान अर्धं तरी. उरलेलं अर्धं मनगटाचंच होतं, पण काकांनी त्या दिवशी ते सांगितलं नाही.

मग मी लाइन निवडायला बसले. डब्यांवर 'डब्ल्यूएफ-५-एफ' असं काहीतरी छापलेलं असतं. पहिली दोन अक्षरं आकाराची: वेट फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या भागात. शेवटचं एफ म्हणजे तरंगणारी. मधला ५ हा खरा गोंधळाचा. सगळे म्हणतात, पाच नंबरच्या काठीला पाच नंबरची लाइन घे आणि सुटलीस. मी घेतली, पण सुटले नाही.

हा आकडा आला कुठून ते बघायला जरा मागे जावं लागतं. सुरुवातीच्या लाइन घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या असत. इंग्रजीत १४९६ साली छापलेल्या गळाविषयीच्या एका प्रकरणात कुठल्या माशाला किती केसांचा पेड लागतो याचा हिशोबच दिलाय. अगदी चिमुकल्या माशाला एक केस, आणि सॅमनला पंधरा. मला तो हिशोब फार आवडतो. मासा आधी, दोरी नंतर, हा क्रम त्यात बरोबर आहे. पुढे केसांत रेशीम मिसळलं गेलं, मग नुसतं तेल मुरवलेलं विणीव रेशीम आलं. रेशमाची लाइन सुंदर, बारीक आणि जड. पण ती पाणी पिते. सकाळी चरबी चोळून तरंगती केलेली लाइन दुपारपर्यंत बुडायला लागायची. मग दोन्ही टोकं निमुळती असलेली लाइन उलटी करून कोरडं टोक वापरायचं, आणि संध्याकाळी सगळी उलगडून वाळत घालायची. एवढी सेवा करणारी माणसं तेव्हा होती.

रेशमाच्या काळात लाइनचं माप जाडीवर होतं, आणि जाडीला अक्षरं होती. 'एचसीएच' म्हणजे दोन्ही टोकं एच जाडीची, पोट सी जाडीचं. सगळ्या लाइन रेशमाच्याच असल्यामुळे जाडी सारखी म्हणजे वजन सारखं, हे चालून जायचं. नायलॉन आलं आणि हे कोलमडलं, कारण तितक्याच जाडीचं नायलॉन रेशमापेक्षा हलकं. मिशिगनमधल्या मिडलंड गावी १९४५ साली सुरू झालेल्या सायंटिफिक अँग्लर्स या कंपनीसारख्या मंडळींनी तर गाभा सगळीकडे सारखा ठेवून प्लॅस्टिकच्या लेपाची जाडी कमीजास्त करायची युक्ती आणली. आता जाडी पाहून वजन कळणं शक्यच नव्हतं. तेव्हा १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या गळसाहित्य उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं की लाइन सरळ तराजूत घालायची. पहिले ३० फूट तोलायचे, आणि त्या वजनाला नंबर द्यायचा. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, सहा म्हणजे १६०, आठ म्हणजे २१०. दोन्ही बाजूंना थोडी सूट. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, गुंजेसारखंच बी-बियाण्यांतून आलेलं माप. १४० ग्रेन म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. अख्खी काठी वाकवायची ती या नऊ ग्रॅमनी.

माझा पहिला शोध असा की डब्यावरचा ५ हा नेहमी १४० ग्रेनचा नसतो. काठ्या दिवसेंदिवस ताठ होत गेल्या, नवशिक्यांना त्या वाकवता येईनात, तेव्हा लाइन बनवणाऱ्यांनी गुपचूप वजन वाढवलं. अर्धा नंबर, काही वेळा पूर्ण नंबर. डब्यावर पाच, तराजूत सहा. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत ग्रेनचा आकडा बहुधा दिलेला असतो. दोन आकडेही असतात, पहिल्या ३० फुटांचा एक आणि अख्ख्या हेडचा, म्हणजे लाइनच्या पुढच्या जड भागाचा, एक. मी पहिल्यांदा घेताना फक्त पुढची बाजू वाचली. माझी काठी मुळात मऊ, हळू वाकणारी. तिच्यावर ती जाडजूड लाइन चढवली आणि काठी ओल्या वेतासारखी लुळी पडली. चिठ्ठीवर 'नको' आहे ती हीच. खरं तर ताठ काठी असलेल्या कुणाला ती वरदान ठरेल. माझ्याकडून कुणी नेलीच नाही अजून.

दुसरी चूक मात्र हावेची होती.

लांब फेकणाऱ्यांकडे पाहून कुणालाही भुरळ पडते. सत्तर-ऐंशी फूट लाइन हवेत जाते, काठावरची माणसं वळून बघतात. मी लांब हेडची, मागे हळूहळू निमुळती होत जाणारी लाइन घेतली, लांब पल्ल्यासाठीच बनवलेली. ती घेऊन नदीवर गेले आणि माझी तीस फुटांची साधी फेकसुद्धा विस्कटली. काका खडकावर बसून होते.

"तुझा मासा कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

"त्या वळणावर. पलीकडच्या खडकापाशी."

"किती लांब?"

"साठ फूट तरी असेल."

ते उठले, आणि आम्ही उथळ पाण्यातून पावलं मोजत गेलो. पस्तीस फूट निघाले. मग त्यांनी वजाबाकी मांडली. नऊ फूट काठी पुढे पसरलेली, नऊ फूट लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला तो बारीक पारदर्शक दोरा. पस्तिसातून अठरा गेले, उरले सतरा. काठीच्या टोकाबाहेर लाइन फक्त सतरा फूट. नंबर ठरतो तीस फुटांवर. आणि हे सतरा म्हणजे लाइनचा सगळ्यात निमुळता, हलका भाग. १४० ग्रेनच्या निम्मंही वजन बाहेर नाही, मग काठी वाकेल कशी?

त्या दिवसापर्यंत मी लाइन निवडत होते ती मला ज्या अंतरावर फेकता यावं असं वाटतं त्या अंतरासाठी. मासे मात्र पस्तीस फुटांवरच होते. अजूनही तिथेच आहेत. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या लहान प्रवाहांत तर वीस-पंचवीस फूट हेच रोजचं अंतर. तिथे पुढचा भाग लवकर जाड होणारी लाइन हवी, किंवा अर्धा नंबर जड. म्हणजे ज्या वाढीव वजनाला मी मघाशी नावं ठेवली तेच इथे कामाला येतं. उलट मोठ्या संथ पाण्यावर पन्नास फूट लाइन हवेत धरायची असेल तर तेच वजन काठीला जास्त होतं. नंबर एकच, पण लाइन किती बाहेर आहे त्यावर तो चार होतो, पाच होतो, सहा होतो. इतकं साधं गणित मला पावलं मोजल्याशिवाय कळलं नाही.

निमुळतेपणाचंही असंच. लाइनच्या पुढच्या टोकाला ती किती फुटांत बारीक होते यावर माशी पाण्यावर कशी बसणार ते ठरतं. लांबवर हळूहळू बारीक झाली तर जोर वाटेत जिरतो आणि माशी पिसासारखी उतरते. पटकन बारीक झाली तर शेवटपर्यंत जोर राहतो, मोठी जड माशी किंवा समोरचा वारा तिला अडवत नाही, पण लहान माशी पाण्यावर थपडेसारखी आदळते. ट्राउट अशा थपडेला दाद देत नाहीत. ली वुल्फ या नामांकित अमेरिकन फ्लायफिशरने या दोन्हींवर तोडगा म्हणून 'ट्रँगल टेपर' काढला. हेड टोकापासून सलग जाड होत जातं, त्यामुळे उलगडताना प्रत्येक जाड भाग आपल्याहून हलक्या भागाला पुढे ढकलतो. कागदावर बघितलं तर इतकं उघड की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. चांगल्या युक्त्यांचं असंच असतं म्हणा.

वेट फॉरवर्ड की डबल टेपर, यावर माणसं तावातावाने भांडतात. डबल टेपर दोन्ही टोकांना निमुळती, मधे सगळं पोट. तीस-पस्तीस फुटांपर्यंत दोघींत फरक जवळपास नाहीच, कारण बाहेर आलेला भाग सारखाच असतो. पुढे मात्र वाटा फुटतात. वेट फॉरवर्डचं जड हेड संपलं की मागे सुतळीसारखी बारीक रनिंग लाइन येते. ती काठीवरच्या कड्यांतून सळसळत जाते, म्हणून लांब फेकायला सोपं. पण पाण्यावर पडलेली लाइन प्रवाहात फुगते, माशीला ओढते, आणि ओढली गेलेली माशी मासा घेत नाही. तेव्हा काठी उचलून लाइनचा फुगवटा वरच्या अंगाला उलटा टाकायचा असतो. काठीच्या टोकाशी बारीक लाइन असेल तर ती पुढच्या जाड भागाला हलवूच शकत नाही. शेपटीने बैल वळवायचा प्रयत्न करण्यासारखं ते. डबल टेपरला हे दुखणं नाही. शिवाय एक टोक झिजलं की दुसरं वापरता येतं. काका डबल टेपरवाले, आणि आता मीही. पण समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहणाऱ्याने माझं ऐकू नये.

तिसरी चूक तपमानाची. या लाइनच्या डब्यावर निळंशार पाणी आणि नारळाची झाडं होती, आणि तेच मला आवडलं होतं. उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या लाइनचा गाभा बहुधा मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकाच अखंड धाग्याचा, आणि लेप कडक असतो, म्हणजे तापलेल्या बोटीवरही ती ताठ राहते. मी ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात नेली. अर्ध्या तासात तिची स्प्रिंग झाली. उलटपक्षी थंड पाण्याची, विणीव मऊ गाभ्याची लाइन कडक उन्हात नेली तर ती उकडलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत होऊन कड्यांना चिकटत राहते. डब्यावर हे स्वच्छ लिहिलेलं असतं. मी चित्र पाहिलं. म्हणून 'फक्त कडक उन्हाळा'.

तरंगण्याबद्दल थोडं. हा लेप बहुतेक ठिकाणी पीव्हीसीचा असतो, आणि पीव्हीसी पाण्याहून जड. वेल्समधली एअरफ्लो ही कंपनी मात्र पॉलियुरेथेन वापरते. पीव्हीसी तरंगावं म्हणून त्यात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळतात. बुडणाऱ्या लाइनमध्ये त्याऐवजी टंगस्टनची भुकटी. टोकाचे शेवटचे काही फूट बुडतात अशी जी सगळ्यांची तक्रार असते तिचं कारण इथेच आहे. टोकाला लेप पातळ, म्हणजे हवेचे गोळे कमी आणि गाभ्याचं नायलॉन जास्त. त्यात मळ बसला की पाण्याचा पृष्ठताणही साथ सोडतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, एवढ्याने लाइन पुन्हा वर येते. मी पहिली दोन वर्षं ते केलं नाही आणि लाइनला शिव्या दिल्या. डास पळवायचं औषध चोळलेल्या हातांनी लाइन ओढू नये हेही एका पावसाळी संध्याकाळी कळलं. त्यातलं डीट नावाचं द्रव्य पीव्हीसी खातं. बोटांना चिकट लागलं, आठवड्याभरात तिथे भेगा. ती लाइन डब्यात नाही, ती गेली.

बुडणाऱ्या लाइनचा हिशोब मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ती सेकंदाला किती इंच जाते ते डब्यावर छापतात. टाइप ३ म्हणजे साधारण ३ इंच. मासे दहा फुटांवर असतील तर चाळीस आकडे मोजायचे आणि मग ओढायला लागायचं. टाइप ६ असेल तर वीस. तळ्याच्या काठी उभं राहून ओठांतल्या ओठांत आकडे मोजणारी माणसं दिसली तर ती जप करत नसतात.

रंगाबद्दल मला कुणी विचारू नये, कारण माझं मत दर वर्षी बदलतं. न्यूझीलंडच्या नितळ नद्यांवरचे वाटाडे मळकट, शेवाळी लाइनचा आग्रह धरतात, आणि तिथले ट्राउट पाहता ते उगाच म्हणत नसतील. पण खालून पाहणाऱ्या माशाला आभाळापुढे कुठलीही लाइन काळीच दिसते. फिकट पिवळी लाइन निदान मला तरी संध्याकाळच्या उजेडात दिसते. सध्या मी पिवळ्याच्या बाजूने आहे.

काकांनी त्यांची एक जुनी डबल टेपर मला दिली, पाच नंबरची, खऱ्या १४० ग्रेनची. तिचा रंग कधीकाळी बदामी असावा. "हिचं एकच टोक वापरलंय मी," एवढंच म्हणाले. मी तिच्यावर सहा वर्षं काढली. गेल्या महिन्यात पुढच्या टोकाला बारीक भेगा दिसायला लागल्या, पाणी आत जाऊन टोक बुडायला लागलं. मी रील रिकामी केली, बॅकिंगची, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेल्या बारीक दोऱ्याची, गाठ सोडली आणि लाइन उलटी केली. जे टोक इतकी वर्षं रीलच्या पोटात होतं ते बाहेर आलं, गुळगुळीत, बदामी, नाण्याएवढ्या घट्ट पिळांनी वळलेलं. ते टोक मी झाडाच्या खोडाभोवती घातलं, पाच-सहा पावलं मागे गेले, आणि दोन्ही हातांनी हळूहळू ताण देत उभी राहिले. पिळे एकेक करून सुटायला लागले.